खान्देशातून दमट देशात आल्यावर केसांचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारहून सिंगापूर-मलेशियाकडे आलेल्या मंडळींचे केसांबद्दलचे प्रश्न इतके सारखे असतात की उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी. माझं राहणं सिंगापूरचं आणि माहेर अमळनेरचं, त्यामुळे उदाहरणं या दोन ठिकाणांचीच जास्त येतील. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरचंच काम आहे तिथे तसं लिहिलंय.

गावी केस राठ होते, पण जागेवर तरी राहायचे. इथे घराबाहेर पडताच पिंजारतात. नुसत्या हवेने एवढा फरक पडतो?

पडतो. जळगावला एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. सिंगापूरची वर्षभराची सरासरी ८० टक्क्यांच्या वर आहे. केस हवेतलं पाणी ओढून घेतो. पूर्ण भिजला की स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी धरतो, जाडीला सुमारे १५ टक्के फुगतो आणि लांबीलाही एक-दोन टक्के वाढतो. हा गुण इतका भरवशाचा आहे की जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक बनवला. केस ताणून बांधायचा, तो लांबला-आखडला की काटा सरकतो.

केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. केस ओला झाला की हे बंध सुटतात, वाळताना नव्याने जुळतात. न्हाल्यावर विंचरून केसांना जो आकार मिळतो तो यामुळेच. दमट हवेत वाळलेला केसही थोडं थोडं पाणी पीत राहतो, बंध सुटत जातात आणि प्रत्येक केस आपापल्या मूळ वळणावर जातो. आपले केस सरळ आहेत असं आयुष्यभर समजणाऱ्या कितीतरी जणींना आपल्या केसांत लाट आहे हे इथे आल्यावर कळतं. ऊन, रंग आणि बोअरच्या पाण्याने ज्यांच्या केसांवरचा खवल्यांचा थर झिजलेला असतो, त्यांचे केस जास्त पिंजारतात. आपल्याकडून आलेल्यांत असे पुष्कळ.

मोबाइलवर जळगावची आर्द्रताही कधीकधी ८५ टक्के दिसते. मग तिथे असं का होत नव्हतं?

श्रावणात होत होतं, आठवून बघा. कानबाईच्या सुमारास केसांची हीच तऱ्हा असते, फक्त ती दोन-तीन महिन्यांत आटोपते. डिसेंबरातल्या सकाळचे ८५ टक्के वेगळे. थंड हवेत मुळात पाणीच कमी मावतं, त्यामुळे टक्का मोठा दिसला तरी हवेतलं पाणी थोडं असतं. मोबाइलवर टक्क्याऐवजी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या पाण्याचं दव ज्या तापमानाला होतं ते, बघायची सवय लावा. तो २० अंशांच्या वर असला की केस फुगणार. सिंगापुरात तो बाराही महिने २३-२४ अंशांच्या आसपास असतो, म्हणून ‘पावसाळा संपला की ठीक होईल’ या आशेवर इथे राहू नका.

रोज तेल लावायची सवय आहे. सोडायची का?

रोजचं बंद करा. आठवड्यातून एक-दोनदा, तेही न्हाण्याआधी तासभर, एवढं पुरे.

गावी तेल का लागायचं ते आधी बघू. कोरडी गरम हवा केसातलं पाणी शोषून घ्यायची, जड पाणी केस राठ करायचं, वर गाडीवरून फिरताना ऊन आणि धूळ. तेलाचा थर केसाला या सगळ्यातून वाचवायचा. घाम यायचा तसा उडून जायचा, त्यामुळे टाळूवर काही साचून राहायचं नाही. इथे केसाला पाण्याची कमी नाही, आणि टाळूवरचा घाम मात्र वाळता वाळत नाही. त्यात टाळूचं स्वतःचं तेल, आणि त्यावर आपण चोळलेलं खोबरेल. मॅलसेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्याच टाळूवर असते. तेलातल्या स्निग्ध आम्लांवर ती जगते, आणि अशा उबदार, चिकट थरात तिचं फावतं. गावी जी काळजी केसाच्या लांबीला लागत होती ती इथे टाळूला लागते. खालची बहुतेक उत्तरं या एका फरकातूनच निघालेली आहेत.

खोबरेल वाईट आहे असं कुणी सांगितलं तर तेही पूर्ण खरं मानू नका. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. ही कंपनी खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच हे वाचायचं, पण न्हाण्याआधी लावण्याच्या जुन्या पद्धतीला त्यातून आधार मिळतो.

लावायचं कसं? चमचाभर तेल तळहातावर घेऊन दोन्ही हातांना पसरा आणि कानाच्या पातळीपासून खाली, टोकांपर्यंत लावा. टाळूला नको. चंपीची हौस असेल तर कोरड्या बोटांनी करा, आराम तेवढाच मिळतो. रात्रभर तेल ठेवून झोपणं इथे बंद. उशीचा अभ्रा तेलकट होतो आणि कपाळावर, मानेवर पुटकुळ्या उठतात.

आणखी एक बारीक गोष्ट. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत अमळनेरला बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघायचं नाही, निघायचं ते बोटाने कोरून, गोळीएवढं. इथे ते बाराही महिने पाण्यासारखं पातळ असतं आणि बाटली उलटी केली की ओंजळ भरते. म्हणून बाटलीच्या तोंडाला टाचणीने पाडावं एवढंच भोक ठेवा. एरंडेल तर आणूच नका. ते काढायला दोन-तीनदा शॅम्पू लागतो आणि तेवढ्या घासाघाशीत केसांचे हाल होतात.

आठवड्यातून एकदा, रविवारी डोक्यावरून न्हायची पद्धत होती. इथे किती वेळा?

एक दिवसाआड. रोज चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांनी, व्यायाम करणाऱ्यांनी रोज धुतलं तरी बिघडत नाही, शॅम्पू सौम्य असला म्हणजे झालं. शॅम्पू टाळूला, कंडिशनर केसांच्या खालच्या अर्ध्याला. याची अदलाबदल करू नका. खालचे केस वेगळे घासायची गरज नाही, फेस ओघळतो तेवढ्याने ते स्वच्छ होतात.

‘रोज धुतल्याने केस गळतात’ ही समजूत घट्ट आहे. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. त्यांची मुळं आधीच सुटलेली असतात, न्हाताना ते फक्त बाहेर येतात. आठवडाभराने न्हाणाऱ्या बाईच्या हाताला आठवडाभराचे केस एकदम येतात आणि ती घाबरून न्हाणं आणखी पुढे ढकलते.

शिकेकाई इथे चालेल का? आईने डबा भरून पाठवलीय.

चालेल, पण अर्धं काम करेल. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस त्यातल्या सॅपोनिनमुळे होतो. साबणाचा जड पाण्यातल्या कॅल्शियमशी चिकट साका होतो, तसा सॅपोनिनचा होत नाही. खान्देशातल्या पाण्यात शिकेकाई साबणापेक्षा सरस ठरायची ती यामुळे. इथल्या मऊ पाण्यात हा फायदा उरत नाही. हलकं तेल ती काढते, चिकट घाम-तेलाचा थर पुरता काढत नाही. शिवाय पूड टाळूवर राहिली तर दमट हवेत खाज सुटते. वापरायचीच असेल तर रात्री भिजवा, सकाळी उकळा, आणि पातळ फडक्यातून दोनदा गाळून नुसतं पाणी घ्या.

डब्याकडे मात्र लक्ष द्या. आवळकाठी, नागरमोथा, मेथी घातलेली घरगुती पूड इथल्या फडताळात महिनाभरात गोळा होते आणि तिला कुबट वास येतो. चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून बघा: हिरवट-पांढरी लव किंवा जाळी दिसली तर सगळा डबा टाका, चाळून वापरू नका. नवीन पूड लहान पुड्यांत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. संपली तर लिटल इंडियात, म्हणजे सिंगापूरच्या भारतीय वस्तीत, मिळते, गावाहून मागवायची गरज नाही.

इथलं पाणी सोसत नाही, त्यानेच केस गळतायत असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात, आणि दुबईतलेही त्यांच्या पाण्याबद्दल म्हणतात. सिंगापूरचं नळाचं पाणी मऊ ते मध्यम आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातून बोअरने उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. त्या मानाने इथलं पाणी केसांवर मेहेरबान आहे. पाण्यामुळे केस राठ होऊ शकतो, तुटूही शकतो. पण तो मुळापासून गळतो याला भक्कम पुरावा नाही.

फरक जाणवतो तो फेसात. मऊ पाण्यात शॅम्पू दुपटीने फेसाळतो, म्हणून गावी लागायचा त्याच्या निम्माच घ्या. केस धुऊन झाल्यावरही निसरडे लागतात, तो शॅम्पू राहिल्याचा पुरावा नव्हे, तेव्हा उगाच पुन्हा पुन्हा घासू नका. महागडा शॉवर फिल्टर घ्यायची घाई नको. इथे पाणी निर्जंतुक करायला क्लोरामाइन वापरतात, आणि साध्या फिल्टरने ते फारसं निघत नाही.

मग येऊन तीन महिने झाले आणि ओंजळभर केस का गळू लागले?

या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरात आहे. आठ-नऊ दशांश केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे विश्रांतीत. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले बरेचसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. ताप, डेंग्यू, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन, जागरणं, मनावरचा ताण, यांपैकी काहीही पुरतं. देश बदलताना यातल्या दोन-तीन गोष्टी तरी घडतातच. घर आवरणं, निरोप, नवी नोकरी, आणि जेवणाचे हाल. भरिताच्या वांग्यावर आणि कळण्याच्या भाकरीवर वाढलेला माणूस पहिले काही आठवडे ब्रेड आणि नूडल्सवर काढतो. त्यात शाकाहारी असला तर डाळी-उसळी पार मागे पडतात.

धक्का बसला तेव्हा तुम्ही विमानाच्या तिकिटांच्या गडबडीत होतात. केस गळायला लागले तेव्हा समोर होता इथला नळ. दोष नळाला गेला, एवढंच.

कारण संपलं की हे गळणं साधारण सहा महिन्यांत थांबतं आणि केस पुन्हा येतात, पण महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने, तेव्हा वेणीची जाडी परत यायला वर्ष-दीड वर्ष धरा. तोवर तेलं बदलत बसू नका. रक्ताची तपासणी करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. बायकांनी तर कराच, कारण लोह कमी असणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की कुणाला ते आजारपण वाटतच नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर खर्च करू नका. त्याची कमतरता क्वचित असते, आणि या गोळ्या चालू असताना थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

डोक्यात पांढरा भुगा होता, इथे पिवळट पापुद्रे येतात आणि खाज सुटते. हा कोंडाच का?

गावचा पांढरा, कोरडा, खांद्यावर झडणारा भुगा पुष्कळदा टाळू कोरडी पडल्याचा असतो, आणि त्याला तेल लावून आराम पडतो. पिवळट, चिकट, खाजणारे पापुद्रे हे मॅलसेझियाचं काम. त्यावर तेल म्हणजे तिला खाऊ. इथे नव्याने आलेले नेमके हेच करतात, कारण ‘कोंडा झाला, तेल लाव’ हे गावाकडून फोनवर ऐकलेलं असतं.

केटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकी एक असलेला शॅम्पू औषधाच्या दुकानातून घ्या. भांग पाडत पाडत तो टाळूला लावा आणि तीन ते पाच मिनिटं राहू द्या. लावल्या लावल्या धुऊन टाकला तर औषध कामच करत नाही, आणि मग लोक शॅम्पू खराब म्हणतात. आठवड्यातून दोनदा, महिनाभर. आराम पडला की पंधरवड्यातून एकदा चालू ठेवा, कारण हवा तीच राहणार आहे. भुवया, नाकाच्या कडा, कानामागे लाल पापुद्रे दिसले तर त्वचातज्ज्ञाकडे जा. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजल्यासारखी काळी पडते.

मानेवर, केसांच्या कडेला बारीक फोड येतात.

ते केसतोड. केसाच्या मुळाशी घाम, तेल आणि जंतू कोंडले की येतात. तेल बंद, घामेजलेला टी-शर्ट लगेच बदला, अभ्रा आठवड्यातून दोनदा धुवा. फोडू नका. वाढत गेले, ठणकू लागले किंवा ताप आला तर डॉक्टर.

केस वाळतच नाहीत. सकाळी धुऊन अंबाडा घालून ऑफिसला जाते आणि संध्याकाळी सोडला की आतून ओला. वासही येतो.

गावी गच्चीवर पाठ करून बसलं की शेंगा सोलून होईपर्यंत केस वाळायचे. ते इथे विसरा. ओला अंबाडा दिवसभर ओलाच राहतो. कुबट वास त्या ओलीत वाढलेल्या जंतूंचा आणि बुरशीचा, आणि अत्तराने तो झाकला तर दुपारपर्यंत आणखी विचित्र होतो.

शक्यतो संध्याकाळी घरी आल्यावर न्हा. जाड टॉवेलने घासण्याऐवजी सुती पंचा गुंडाळा आणि दाबून पाणी टिपा. आईने बॅगेत भरलेला पंचा इथे कशाला, असं वाटलं असेल, तर तो आता काढा. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरा, कारण ओला केस सहज ताणला जाऊन तुटतो. पंख्याखाली मुळं वाळवा आणि उरलेलं ड्रायरने.

ड्रायरची भीती थोडी जास्तच आहे. दक्षिण कोरियातल्या २०११ सालच्या एका अभ्यासात १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत वापरलेल्या ड्रायरने केसाच्या आतल्या भागाचं नुकसान नुसतं हवेवर वाळवण्यापेक्षा कमी झालं, कारण केस फार वेळ ओला राहणं हेही त्याला मानवत नाही. त्या अंतरावर हवा साधारण ४७ अंशांची होती. जळगावचा मे सोसलेल्याला त्याचं काय! मात्र पाच सेंटिमीटरवर तीच हवा ९५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा ड्रायर केसाला टेकवू नका.

लाकडी कंगवा न्हाणीघरात ठेवू नका, दातांच्या मुळाशी काळी बुरशी धरते. लिटल इंडियातला मोगऱ्याचा गजरा माळायचा असेल तर पूर्ण वाळलेल्या केसांत.

केस बसून राहावेत म्हणून सीरम, जेल, काय घ्यावं?

सिलिकॉनला नावं ठेवायची सध्या फॅशन आहे, पण दमट हवेत डायमेथिकोनसारखं सिलिकॉन कामाचं. केसावर पातळ थर बसतो आणि बाहेरचं पाणी आत शिरायला वेळ लागतो. ओलसर केसांना खालच्या भागात दोन-तीन थेंब, बस. पंधरवड्यातून एकदा जरा कडक शॅम्पूने तो थर काढा.

बाटलीमागची यादी वाचा. पहिल्या चार-पाच घटकांत ग्लिसरीन किंवा मध असेल आणि ते लावून बाहेर जायचं असेल, तर इथे नको. हे पदार्थ हवेतलं पाणी ओढून केसात आणतात, आणि इथे तेच तर टाळायचंय. धुऊन टाकायच्या कंडिशनरमध्ये ग्लिसरीन असलं तर हरकत नाही. कोरफडीचा गर लावून बाहेर पडलात तर दुपारपर्यंत केस फुगून दुप्पट.

आणि थोडी तडजोडही हवी. साडेआठची गर्दीची गाडी, मग ऑफिसचा एसी, मग जेवायला बाहेर, पुन्हा एसी. दिवसातून चारदा हवा बदलली की कुठलंही सीरम शरण येतं. सैल वेणी हा आपला जुना तोडगा इथे उत्तम चालतो.

पार्लरवाली रिबॉन्डिंग किंवा केराटिन करा म्हणते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिबॉन्डिंगमध्ये केसातले सल्फरचे पक्के बंध रसायनाने तोडून सरळ आकारात पुन्हा जोडतात. तो केस कायमचा सरळ होतो, पण मुळाशी नवा केस आपल्या वळणाचाच येतो, म्हणून सहा महिन्यांनी वर लाट आणि खाली काठी अशी जोडगोळी दिसते.

केराटिन ट्रीटमेंटचा थर काही महिने टिकतो. त्यातल्या काही मिश्रणांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि ते कर्करोगकारक आहे. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही मिश्रणांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. त्यानंतर मूत्रपिंडाला तातडीची इजा झाल्याची प्रकरणं इस्राएल आणि फ्रान्समधून नोंदली गेली आहेत. तेव्हा डबा मागून घटक वाचा. दाखवत नसतील तर उठून या. पोटाशी असताना आणि दूध पाजताना यातलं काही करू नये असं माझं मत. लग्नाला दोन आठवडे असतानाही नको.

मेंदी?

चालेल. दोन-तीन तास पुरे, रात्रभर ओलं डोकं ठेवू नका. ‘काळी मेंदी’ नको, तिच्यात पीपीडी हे रंगाचं रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी भयंकर असते.

बाळंतपणाला आई इथे आलीय. रोज बाळाची टाळू तेलाने भरते. चालेल का?

इथे जरा नाजूक बोलणं आहे, कारण आई एवढ्या लांबून आलीय आणि टाळू भरणं हे तिच्या दृष्टीने अर्धं बाळंतपण. टाळूवरची मऊ जागा बहुतेक बाळांची दीड वर्षापर्यंत आपोआप भरून येते, तेलाने ती लवकर भरत नाही. दमट हवेत डोक्यावर थापलेलं तेल तसंच राहिलं तर पिवळट खपल्या वाढतात. मधला मार्ग असा: अंघोळीच्या आधी दोन थेंब, हलक्या हाताने, न दाबता, आणि लगेच सौम्य शॅम्पूने धुऊन टाकायचं. आईच्या हाताला काम राहतं आणि बाळाचं डोकं कोरडं. खपल्या नखाने काढू देऊ नका. लाल झालं, पाणी सुटलं तर बालरोगतज्ज्ञ.

बाळंतिणीचे केस दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे सावरतात. गरोदरपणात गळायचे थांबलेले केस एकत्र निघतात, दुसरं काही नाही. डिंकाचे लाडू आवडतात म्हणून खा, केसांसाठी नको.

मुलीच्या शाळेत पोहायला नेतात. केस काथ्यासारखे झाले.

तलावात उतरण्याआधी नळाच्या पाण्याने केस चिंब करा आणि थोडा कंडिशनर चोळून टोपी घाला. केस आधीच साध्या पाण्याने भरला की क्लोरीनचं पाणी कमी पितो. बाहेर आल्यावर लगेच धुवा, घरी येईपर्यंत थांबू नका. शनिवारी तिला न्हाण्याआधी खोबरेल लावा, इथे त्याचा खरा उपयोग होतो.

पुरुषांना यातलं किती लागू?

टाळूबद्दलचं सगळं. केस बारीक कापा, तेल चोपडून भांग पाडणं बंद, जेल रात्री धुऊन झोपा. कपाळाच्या कोपऱ्यातून आणि माथ्यावरून केस विरळ होत असतील तर ते अनुवंशिक. हवेला दोष देऊन दोन वर्षं घालवण्यापेक्षा डॉक्टरांकडून मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधाबद्दल विचारून घ्या. ते लवकर सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं.

आम्ही मस्कत-दुबईकडे आहोत. हेच नियम?

अर्धे. किनाऱ्यावर उन्हाळ्यातली रात्र सिंगापूरइतकी दमट असते, तेव्हा वरचं सगळं लागू. पण तुमचा दिवस एसीत जातो, आणि एसीतली हवा बरीच कोरडी. म्हणून टोकांना तेल थोडं जास्त चालेल. नळाला समुद्राचं पाणी येतं हे खरं, पण मीठ काढून येतं. इमारतीची टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसेल तर तक्रार तिची करा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) महिनाभर माहेरी जातेय. तिथे काय करू?

तिथली जुनी पद्धत परत सुरू करा, ती त्या हवेसाठीच बरोबर होती. धुणं आठवड्यातून दोनदा, तेल खालच्या केसांना एक दिवसाआड, गाडीवर जाताना डोक्याला ओढणी. ग्लिसरीनवाला कंडिशनर तिथे बरोबर न्या, पण लावून ठेवायला नको, धुऊन टाकायलाच. एवढ्या कोरड्या हवेत ओढायला पाणीच नसतं. परत आल्यावर पहिलं न्हाणं ईडीटीए असलेल्या शॅम्पूने करा, म्हणजे बोअरच्या पाण्याचे क्षार निघतील. लगेच दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआडचं तेल बंद. ही शेवटची गोष्ट राहून जाते, आणि पंधरा दिवसांनी कोंड्याचा प्रश्न घेऊन पुन्हा वरच्या उत्तराकडे यावं लागतं.

डॉक्टरकडे कधी?

एका जागी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, म्हणजे चाई, तर त्याच आठवड्यात. तिथे कांद्याचा रस किंवा लसूण घासत बसू नका. टाळू दुखतेय, पू येतोय, केस गेलेल्या जागी त्वचा चकचकीत झालीय, तर लगेच, कारण व्रण पडून गेलेले केस परत येत नाहीत. गळणं सहा महिन्यांच्या पुढे गेलं, भांग रुंद होत चालला, किंवा केसांबरोबर पाळीही बिघडली, तरीही जा. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या येऊन केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं, मलमाने जात नाही.

सिंगापुरात बहुतेक वेळा आधी साध्या डॉक्टरकडे जाऊन त्यांची चिठ्ठी त्वचातज्ज्ञाकडे न्यावी लागते. कंपनीच्या विम्यात केसांचे उपचार ‘सौंदर्य’ या सदरात ढकललेले असतात, पण आजाराचं निदान असेल तर पुष्कळदा पैसे मिळतात, म्हणून चिठ्ठीवर निदान लिहून घ्या. जाताना दर महिन्याला एकाच उजेडात काढलेले भांगाचे फोटो, चालू गोळ्यांची यादी आणि गावाहून आणलेल्या तेल-चूर्णाच्या बाटल्या घेऊन जा. त्या दिवशी केसांना तेल लावून जाऊ नका, तपासताना टाळू दिसत नाही.